मोटर ठीक, आरपीएमचा आकडा वेडा: प्रॉक्सी, टॅको आणि एन्कोडरचा सिग्नल कसा तपासायचा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतला सँड मिक्सर असो, इचलकरंजीतलं सायझिंग मशीन असो की साखर कारखान्याचा केन कॅरिअर, मोटरचा वेग (आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे) दाखवणारा आकडा बिघडला की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘सेन्सर गेला.’ मग उद्यमनगरच्या बाजारातून नवा प्रॉक्सी (प्रॉक्सिमिटी सेन्सर, धातू जवळ आला की सिग्नल देणारा) येतो, बसतो, आठ-पंधरा दिवस बरा चालतो आणि आकडा पुन्हा नाचायला लागतो. कारण जुना सेन्सर गेलेलाच नसतो. नवा बसवताना सेन्सर आणि फिरणारा भाग यांच्यातली गॅप नीट लागली, टर्मिनल घट्ट झालं, म्हणून तेवढे दिवस निघाले.

वेग विजेच्या सिग्नलमध्ये येतो तो मुख्यतः तीन वाटांनी. प्रॉक्सी किंवा मॅग्नेटिक पिकअप पल्स देतो, टॅको वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज देतो आणि एन्कोडर एका फेऱ्यात शेकडो पल्स देतो. आपल्याकडे सर्वांत जास्त आहेत ते प्रॉक्सी, आणि तक्रारीही त्याच्याच जास्त, म्हणून खाली त्याच्यावर जास्त लिहिलं आहे.

लक्षणे

आपलं लक्षण यातलं कोणतं ते आधी ठरवा. निम्मं निदान इथेच होतं.

- मोटर बंद, तरी डिस्प्लेवर ३०००, ६००० किंवा ५०० असा स्थिर आकडा.
- आकडा ठरावीक टप्प्याने उडतो: १३८०, १४४०, १५००, परत १४४०.
- वेग १४४०, दिसतो २८८०, ७२० किंवा १०८०.
- कमी वेगाला बरोबर, वेग वाढवला की आकडा गळतो किंवा शून्यावर येतो.
- शाफ्ट हाताने फिरवला तर सगळं ठीक, ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारा कंट्रोलर) चालू झाला की आकडा नाचतो.
- मशीन तापल्यावर किंवा पावसाळ्यात सिग्नल मधूनमधून जातो.
- एन्कोडरवाली मोटर सुरू होताच गुरगुरते, रांगते आणि ड्राइव्ह जास्त करंटवर ट्रिप होतो.
- डीसी मोटर चालू करताच सुसाट सुटते. हे लक्षण असेल तर खालचं काहीही करू नका. मेन स्विच बंद करा आणि थेट ‘कुठे थांबायचं’ हा भाग वाचा.

आधी कागद-पेन्सिल

या तपासणीला खर्च नाही, पाना लागत नाही. मोटरची नेमप्लेट बघा. १२० गुणिले फ्रिक्वेन्सी, भागिले पोल, हा सिंक्रोनस वेग. चार पोलच्या मोटरला ५० हर्ट्झवर १५०० येतो आणि पूर्ण लोडला इंडक्शन मोटर साधारण १४४० च्या आसपास फिरते. ड्राइव्हवर ३५ हर्ट्झ असेल तर सिंक्रोनस वेग १०५०, म्हणजे प्रत्यक्ष वेग हजाराच्या आगेमागे हवा. लोडच मोटरला ओढत नसेल तर ३५ हर्ट्झवर १२०० दिसणं शक्यच नाही. दिसत असेल तर मोटर निर्दोष आणि मोजणी खोटी.

बंद मोटरवर ३००० दिसत असेल तर सोपा हिशोब आहे. एका फेऱ्याला एक पल्स अशी सेटिंग असताना ५० हर्ट्झचा गोंगाट, म्हणजे नको असलेला विजेचा सिग्नल, वायरीत शिरला, तर मीटर ५० गुणिले ६० म्हणजे ३००० दाखवणार. सहा पल्सची सेटिंग असेल तर तोच गोंगाट ५०० दिसतो. ६००० म्हणजे १०० हर्ट्झ, आणि तो बहुतेक वेळा २४ व्होल्टच्या सप्लायचा फिल्टर कपॅसिटर सुकल्यामुळे येतो. या तिन्ही आकड्यांत सेन्सर बदलून काहीच साधत नाही.

यानंतर हातातल्या टॅकोमीटरने एकदा खरा वेग घ्या. शाफ्ट पुसून रिफ्लेक्टिव्ह टेपची एकच पट्टी लावा. शाफ्ट चकचकीत असेल तर बाकीच्या भागाला काळी चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर चकाकीचीही मोजणी होते. वर ट्यूबलाइट असेल तर हाताने आडोसा करा, कारण तिचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि स्वस्त टॅकोमीटर त्यालाही ६००० म्हणून मोजतो. हातातला आकडा आणि पॅनेलवरचा आकडा यांचा भागाकार लिहून ठेवा. तो पूर्णांकात किंवा साध्या अपूर्णांकात आला तर दोष मोजणीच्या संख्येत आहे. आकडा सतत बदलत असेल तर गॅप, वायर किंवा गोंगाट.

टार्गेट मोजा

मीटर किंवा पीएलसीत (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) ‘एका फेऱ्याला किती पल्स’ ही सेटिंग असते. ती आणि शाफ्टवरचे सेन्सरने मोजायचे बोल्ट किंवा दात (म्हणजेच टार्गेट) जुळतात का ते बघा. कपलिंगच्या फ्लँजला चार बोल्ट आहेत आणि सेटिंगही ४ आहे, तरी १४४० च्या जागी १०८० दिसतं. १०८० म्हणजे बरोबर तीन चतुर्थांश. मेंटेनन्समध्ये फिटरने एका बोल्टच्या जागी हाताला लागला तो, बुटक्या डोक्याचा बोल्ट बसवलेला असतो. सेन्सर त्याला ओळखत नाही आणि चारातला एक पल्स जातो.

उलट प्रकारही होतो. शाफ्टवर एकच टार्गेट आहे, पण शेजारचा किल्लीचा खाचा (की-वे) किंवा ग्रब स्क्रूही (बिनडोक्याचा स्क्रू) सेन्सरसमोरून जातो. मग एका फेऱ्याला दोन पल्स आणि १४४० चे २८८०. ग्रब स्क्रू काढू नका. सेन्सर जरा बाजूला सरकवा.

गॅप: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

मशीन बंद करा, आयसोलेटरला कुलूप लावा, चावी खिशात. शाफ्ट हाताने फिरवायचा आहे, त्यामुळे यात सवलत नाही.

एम १८ (१८ मिमी आट्यांच्या) फ्लश, म्हणजे तोंड धातूच्या पातळीत बसवता येणाऱ्या, प्रॉक्सीचं धातू ओळखण्याचं नाममात्र अंतर साधारण ५ मिमी असतं, एम १२ फ्लशचं साध्या मॉडेलमध्ये २ मिमी. हे अंतर प्रयोगशाळेतल्या सपाट माइल्ड स्टीलच्या चौकोनी तुकड्यासाठी मोजलेलं असतं. प्रत्यक्षात त्यातला ८१ टक्के भागच भरवशाचा धरतात, आणि पल्स मोजायच्या असतील तर निम्म्या अंतरावर बसवणं उत्तम. एम १८ साठी म्हणजे २.५ मिमी. फीलर गेज नसेल तर एटीएम कार्ड वापरा. त्याची जाडी ०.७६ मिमी असते, तीन कार्डं एकत्र धरली की २.३ मिमी होतात.

धातू बदलला की अंतर बदलतं. माइल्ड स्टीलला १ धरलं तर स्टेनलेसला साधारण ०.७ आणि ॲल्युमिनियमला ०.४. म्हणजे ५ मिमीचा सेन्सर ॲल्युमिनियमच्या पुलीवर जेमतेम २ मिमीपर्यंत ओळखतो, आणि भरवशाची गॅप एक मिमी. गंजू नयेत म्हणून कुणी साध्या बोल्टांऐवजी स्टेनलेसचे लावले आणि त्याच दिवसापासून आकडा गळायला लागला, असं असेल तर कारण हेच. गॅप कमी करा.

आता सेन्सरला सप्लाय देऊन शाफ्ट हाताने पूर्ण एक फेरा हळू फिरवा आणि फक्त सेन्सरच्या मागचा एलईडी बघा. (मोटरची पॉवर कुलपातच राहू द्या, फक्त २४ व्होल्ट चालू.) प्रत्येक बोल्टला एलईडी लागला पाहिजे आणि दोन बोल्टांच्या मध्ये पूर्ण विझला पाहिजे. विझत नसेल तर बोल्ट फार जवळजवळ आहेत, किंवा मागची फ्लँजच सेन्सरला दिसते आहे. दोन टार्गेटमधली मोकळी जागा टार्गेटच्या रुंदीच्या दुप्पट ठेवावी. एका बाजूला एलईडी ठसठशीत आणि समोरच्या बाजूला मिणमिणता असेल तर फ्लँज वाकडी फिरते आहे. शाफ्ट वरखाली हलवून बघा. हलत असेल तर तक्रार बेअरिंगची आहे आणि सेन्सर बिचारा तेच सांगतो आहे.

सेन्सरच्या तोंडावर तेल आणि बिडाची भुकटी मिळून लेप बसतो. तो कापडाने पुसा, स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. मॅग्नेटिक पिकअपला तर आत चुंबक असतो, त्यामुळे लोखंडाची भुकटी दाढीसारखी चिकटते. त्याची गॅप ०.५ ते १ मिमी ठेवतात, आणि वेग कमी झाला की त्याचं व्होल्टेजही कमी होतं. त्यामुळे खूप हळू फिरणाऱ्या शाफ्टवर तो शून्य दाखवतो, हा दोष नव्हे, स्वभाव आहे. तिथे प्रॉक्सी किंवा हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा) लावा.

शेवटी दोन्ही चेकनट घट्ट. एकाच नटवर ठेवलेला सेन्सर व्हायब्रेशनने सरकतोच.

वायर, कनेक्टर, व्होल्टेज

तीन वायरींच्या डीसी प्रॉक्सीत तपकिरी म्हणजे प्लस, निळी म्हणजे शून्य, काळी म्हणजे सिग्नल. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून सेन्सरच्या टोकाला, पॅनेलमध्ये नव्हे, तपकिरी-निळीत व्होल्टेज बघा. पॅनेलमध्ये २४ आणि सेन्सरपाशी १४ असेल तर मधलं कुठलं तरी टर्मिनल सैल आहे किंवा कोर तुटत आला आहे.

मग सिग्नल. सेन्सर दोन प्रकारचे: पीएनपी सिग्नलची वायर प्लसला जोडतो, एनपीएन शून्याला. पीएनपी असेल तर टार्गेट समोर असताना काळी-निळीत २२-२३ व्होल्ट आणि टार्गेट नसताना जवळजवळ शून्य. एनपीएन असेल तर टार्गेट समोर असताना एक-दोन व्होल्ट, आणि टार्गेट हलल्यावर व्होल्टेज कुठून तरी वर ओढलेलं असायला हवं. ते ओढायला काही नसेल तर मीटरला एनपीएनचा पल्स दिसतच नाही. काळी आणि तपकिरीमध्ये २.२ किलोओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर लावा. २४ व्होल्टवर तो पाव वॉटपेक्षा थोडा जास्त तापतो, म्हणून पाव वॉटचा लावू नका. नवा सेन्सर आणताना जुन्यावरचा पूर्ण कोड दुकानदाराला दाखवा. पीएनपीच्या जागी एनपीएन आला की एलईडी छान लागतो आणि पीएलसी ढिम्म. यात अख्खी शिफ्ट जाते.

मधूनमधून जाणारा सिग्नल पकडायचा असेल तर टार्गेट समोर ठेवून, एलईडीकडे आणि पीएलसीच्या इनपुट दिव्याकडे बघत केबल ग्लँडपासून हळूहळू हलवा. सेन्सरचा एलईडी कायम आणि पीएलसीचा दिवा फडफडतो, तर काळी वायर तुटत आली आहे. दोन्ही फडफडतात, तर तपकिरी किंवा निळी. जून-जुलैत कनेक्टर उघडून बघाच. केबल वरून खाली थेट कनेक्टरात उतरत असेल तर पाणी तिच्यावरूनच आत जातं. कनेक्टरच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या, थेंब तिथून गळतो. साखर कारखान्यात तर सीझन संपल्यावर सहा-सात महिने पडून असलेल्या पिना हिरव्या झालेल्या असतात. ट्रायलच्या आधी त्या साफ करा, मोळी पडल्यावर नव्हे.

ड्राइव्हचा गोंगाट

हाताने ठीक आणि ड्राइव्हवर वेडा, हे लक्षण असेल तर ट्रेमध्ये बघा. सिग्नलची केबल मोटरच्या केबलला चिकटून गेलेली असते. पटकन खात्री करायची असेल तर केबलचा एक जादा तुकडा सेन्सरपासून पॅनेलपर्यंत जमिनीवरून, मोटर केबलपासून लांब टाका. आकडा स्थिर झाला तर निदान पक्कं. मग कायमची सोय करा: दोन्ही केबलमध्ये किमान ३० सेंमी अंतर, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

शिल्डची (केबलमधल्या वायरींभोवतीच्या धातूच्या जाळीची) शेपटी वळून लांब वायरने अर्थला जोडण्याची आपल्याकडे फार सवय आहे. जास्त फ्रिक्वेन्सीला ती शेपटी कुचकामी ठरते. शिल्ड सोलून पूर्ण गोलाईत क्लँपखाली दाबा. प्रॉक्सी आणि टॅकोला शिल्ड साधारणपणे पॅनेलच्याच बाजूला अर्थ करतात. एन्कोडरला ड्राइव्हच्या पुस्तकात सांगितलं असेल तसं, बहुधा दोन्ही बाजूंना.

फाउंड्रीत आणखी एक गोष्ट बघा: इंडक्शन फर्नेसची पॉवर वाढवली की आकडा चढतो का? चढत असेल तर मोटरच्या ड्राइव्हला दोष देण्यात अर्थ नाही. फर्नेसच्या केबलींजवळून गेलेली सिग्नल वायर तिथून हलवा.

मीटरच्या इनपुटला ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावायचा जुगाड चालतो, पण सेकंदाला पंचवीस-पन्नास पल्स असतील तोवर. एन्कोडरच्या वायरीवर लावलात तर चांगला सिग्नलच माराल.

मीटर आणि पीएलसीच्या मर्यादा

६० च्या टप्प्याने उड्या मारणारा आकडा हा बिघाड नाहीच. एका फेऱ्याला एक पल्स म्हणजे १४४० ला सेकंदाला २४ पल्स. मीटर एक सेकंद मोजतो, कधी २३ भरतात, कधी २५. प्रत्येक पल्स ६० आरपीएमचा, म्हणून १३८०, १४४०, १५००. सहा टार्गेट केली की टप्पा १० वर येतो. साठ दातांचं चाक असेल तर हर्ट्झ हाच आरपीएम, पण १४४० हर्ट्झ झेपेल असाच सेन्सर घ्या, साध्या मॉडेलचा दम त्याआधी संपतो. टार्गेट वाढवणं शक्य नसेल तर मोजणीचा वेळ चार सेकंद करा, किंवा दोन पल्समधला वेळ मोजणारी सेटिंग निवडा.

वेग वाढला की आकडा गळणं यामागे इनपुट फिल्टर असतो. समजा १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर १९ च्या पान्याचा बोल्ट आहे. परीघ ३१४ मिमी, सेकंदाला २४ फेरे, म्हणजे बोल्ट सेकंदाला साडेसात मीटरने पळतो. त्याचं १९ मिमीचं डोकं सेन्सरसमोरून अवघ्या अडीच मिलिसेकंदांत जातं. पीएलसीच्या साध्या इनपुटचा फिल्टर ६.४ मिलिसेकंद असेल, तर हा पल्स त्याच्या दृष्टीने आलाच नाही. हाय-स्पीड काउंटरचा इनपुट वापरा, फिल्टर कमी करा, किंवा बोल्टऐवजी रुंद पट्टी लावा. पॅनेल काउंटरवर ३० हर्ट्झ आणि जास्त वेगाचा असा स्विच असतो, तो कुठे आहे तेही बघा.

मीटरकडून पीएलसीला ॲनालॉग सिग्नल जात असेल तर एक बिंदू तपासा. ० ते १५०० साठी ४ ते २० मिलिॲम्पिअर असेल, तर १४४० ला १९.३६ आलं पाहिजे. ० ते १० व्होल्ट असेल तर ९.६. मीटरवर आकडा बरोबर, करंट बरोबर आणि स्क्रीनवर चूक, म्हणजे पीएलसीतलं स्केलिंग कुणीतरी बदललं आहे.

टॅको

टॅकोच्या प्लेटवर दर हजार आरपीएमला किती व्होल्ट ते लिहिलेलं असतं. ६० असेल तर १४४० ला ८६.४ व्होल्ट डीसी. व्होल्टेज कमी आणि थरथरतं असेल तर आधी कपलिंगचा ग्रब स्क्रू बघा, मग ब्रश. कार्बनची भुकटी कोरड्या हवेने झाडा. कम्युटेटर काळवंडला असेल तर बारीक काचपेपर चालेल, एमरी नको, तिचे कण वीजवाहक असतात आणि सेगमेंटच्या फटीत अडकतात. दर फेऱ्याला एकदा लाट येत असेल तर टॅको आणि मोटर एका रेषेत नाहीत. टॅकोची आर्मेचर बाहेर ओढून साफ करायचा मोह टाळा. जुन्या टॅकोचा चुंबक आर्मेचर काढल्याने कमजोर होतो आणि मग व्होल्टेज कायमचं कमी येतं.

एन्कोडर

१०२४ पल्सचा एन्कोडर १५०० आरपीएमला २५.६ किलोहर्ट्झ देतो, तो एलईडीवर दिसणार नाही. मल्टिमीटरने एवढंच करा: ५ व्होल्टचा असेल तर एन्कोडरच्या टोकाला ४.७५ च्या खाली व्होल्टेज गेलेलं नाही ना, आणि शाफ्ट अगदी हळू फिरवल्यावर ए आणि बी हे पल्सचे दोन्ही सिग्नल वरखाली होतात ना. मोटर गुरगुरत रांगत असेल तर ए-बीचा क्रम आणि मोटरची दिशा उलट आहे. मोटरच्या दोन फेज बदला किंवा ए-बीची अदलाबदल करा. दोन्ही एकदम केलंत तर परत होतं तिथेच. एन्कोडरच्या मागच्या बाजूला हातोडीने ठोकू नका, आतली चकती काचेची असू शकते.

कुठे थांबायचं

डीसी मोटर सुसाट सुटली तर टॅकोची वायर तुटली आहे, उलटी जोडली आहे किंवा फील्ड (मोटरचं चुंबकीय क्षेत्र तयार करणारं वाइंडिंग) गेलं आहे. टॅकोची वायर तुटली की ड्राइव्हला वेग शून्य दिसतो आणि तो पूर्ण आर्मेचर व्होल्टेज देतो. जुन्या ड्राइव्हमध्ये टॅको तुटल्यावर ट्रिप होण्याची सोय नसू शकते. इथे ‘एकदा चालू करून बघू’ नको. चालू मोटरवर टॅकोची वायर सोडवूनही बघायची नाही.

ड्राइव्हचं झाकण उघडायची वेळ आली तर थांबा. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बसवर सुमारे ५६० व्होल्ट असतात आणि सप्लाय बंद केल्यावरही ते काही मिनिटं टिकतात. किती मिनिटं, ते ड्राइव्हवरच छापलेलं असतं.

सर्व्हो मोटरचा एन्कोडर घरी उघडू नका, त्याचं रोटरशी अलाइनमेंट बिघडलं की मोटर गेल्यात जमा. वितळलेल्या धातूचं लेडल उचलणारी क्रेन, लिफ्ट आणि टर्बाइनचं ओव्हरस्पीड ट्रिप यांच्या वेगाच्या सिग्नलला हात लावायचा नाही आणि उत्पादन अडलं म्हणून तो बायपासही करायचा नाही. तिथे कंपनीचा माणूसच हवा.

त्याला फोन करण्याआधी मोटर, ड्राइव्ह आणि सेन्सर या तिघांच्या प्लेटचे फोटो काढा. ड्राइव्हचा फॉल्ट कोड लिहून घ्या. आणि १०, २५ व ५० हर्ट्झला हातातला टॅकोमीटर काय दाखवतो व पॅनेल काय दाखवतं, असे सहा आकडे एका कागदावर घ्या. ड्राइव्हची सेटिंग मात्र त्याच्या येण्याआधी ‘फॅक्टरी डिफॉल्ट’ करून ठेवू नका.